दोन रेषांमधली जागा: वाळवंटी घळींच्या प्रदेशात टोपोशीट कसं वाचावं

दक्षिण युटामध्ये एस्कलान्टे नदीला मिळणाऱ्या एका लहानशा घळीत मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा हातात यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा टोपो नकाशा होता, जमिनीचा चढउतार रेषांनी दाखवणारा. आदल्या रात्री टॉर्चच्या उजेडात तो तासभर पाहिला होता. घळीच्या तळाला छेदत जाणाऱ्या उंचीच्या रेषा एकमेकींपासून सारख्या अंतरावर होत्या, कुठे दाटी नव्हती. सह्याद्रीत बरीच वर्षं फिरलेल्या माणसाला ही वाट सरळ चालत उतरण्याची वाटली. दोन तास उतरलो आणि पायाखालचा कातळ अचानक संपला. खाली आठ-नऊ मीटरची सरळ भिंत आणि तळाशी हिरवट पाण्याचं डबकं. दोर नव्हता. तो दोन तासांचा उतार भर दुपारच्या उन्हात परत चढावा लागला.

तंबूत आल्यावर नकाशा पुन्हा उघडला. त्यात चूक कुठेच नव्हती. त्याने जे सांगितलं होतं ते खरं होतं. जे सांगितलंच नव्हतं, ते मी माझ्या मनाने भरलं होतं. या प्रदेशात नकाशा वाचायचा म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळायला लागलं.

सह्याद्रीत आपण पायथ्याच्या गावातून वर बघतो, गड दिसतो, आणि निघतो. वाट चुकली तर गुराखी भेटतो, वाडीतल्या मावशी हात करून खिंड दाखवतात. इथे सगळं उलटं. गाडी वर पठारावर उभी राहते. नजर जाईल तिथवर माळ आणि खुरटी झुडपं. घळ मात्र तिच्या ओठावर जाऊन उभं राहीपर्यंत दिसत नाही. उतरण आधी आणि चढण शेवटी, पाणी संपत आल्यावर. विचारायला मैलोन्‌मैल कोणी नाही. त्यामुळे वाटाड्याचं सगळं काम नकाशावर येऊन पडतं.

आणि अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांच्या नकाशावर अगदी शेवटी शेवटी भरला गेलेला कोपराही हाच. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांमधून खाली गेला. यादवी युद्धात त्याचा उजवा हात गेला होता. दुसऱ्या मोहिमेत एक होडी डर्टी डेव्हिल नदीच्या मुखाशी ठेवली होती. १८७२ मध्ये ती आणायला पॉवेलच्या बहिणीचा नवरा आल्मन थॉम्पसन जमिनीवरून निघाला. वाटेत एक नदी लागली. हीच डर्टी डेव्हिल, हिच्या काठाने गेलं की होडी सापडणार, अशी सगळ्यांची समजूत होती. थॉम्पसनने उंचावर चढून पाहिलं, तर ती नदी भलतीकडेच निघाली होती आणि डर्टी डेव्हिल समोरच्या डोंगररांगेच्या पलीकडे होती. म्हणजे पायाखालची नदी कुठल्याच नकाशावर नव्हती. तिला त्यांनी एस्कलान्टे नाव दिलं. समोरच्या रांगेला तोवर ‘अज्ञात पर्वत’ एवढंच म्हणत, ती पुढे हेन्री पर्वत झाली. त्या मोहिमेत फ्रेडरिक डेलनबॉ नावाचा मुलगा होता. निघताना तो १७ वर्षांचा होता आणि चित्रं काढायला, मोजणीला मदत करायला त्याला घेतलं होतं.

थॉम्पसनची ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोक्यातल्या नकाशाशी जमीन जुळत नाही हे दिसल्यावर त्याने जमिनीवर विश्वास ठेवला. पॉवेल पुढे १८८१ मध्ये यूएसजीएसचा संचालक झाला आणि देशभर टोपो नकाशे काढायचं काम त्याच्याच काळात सुरू झालं.

पत्रक किती मोठं, रेघ किती जाड

आज ज्याला तिकडे ‘साडेसात मिनिटांचा नकाशा’ म्हणतात, ते पत्रक अक्षांशाची साडेसात मिनिटं आणि रेखांशाची साडेसात मिनिटं एवढा तुकडा दाखवतं. दक्षिण युटाच्या अक्षांशावर हा तुकडा साधारण ११ किलोमीटर रुंद आणि १४ किलोमीटर उंच भरतो. अशी ५५,००० हून जास्त पत्रकं काढून ४८ राज्यांचं काम १९९२ मध्ये पूर्ण झालं. प्रमाण १:२४,०००. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २४० मीटर. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाचं नेहमीचं टोपोशीट १:५०,००० चं असतं, तिथे एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यामुळे अमेरिकन पत्रक आपल्याला फार बारकाईचं वाटतं, आणि तसं ते आहेच. जुनी-नवी सगळी पत्रकं खात्याच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात.

पण या प्रमाणाचा दुसरा अर्थही बघा. नकाशावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर १२ मीटर जागा व्यापते. या भागातल्या कित्येक घळी मीटरभरच रुंद आहेत, काही ठिकाणी अंग तिरकं करून सरकावं लागतं. मीटरभर रुंदीची घळ या प्रमाणात काढायची तर ती ०.०४ मिलिमीटरची होईल. ती काढताच येत नाही. पॅरिया नदीला मिळणारी बकस्किन गल्च ही घळ २० किलोमीटरहून लांब आहे, पण नकाशावर तिचा अरुंदपणा कळत नाही, कारण रेघच घळीहून जाड आहे. हे नकाशे बहुतेक विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्यांवरून काढले गेले. जिथे तळ सावलीत बुडालेला, तिथे काढणाऱ्यालाही तो दिसत नव्हता. भिंत आत झुकून वर छत तयार झालं असेल तर ते रेषांनी दाखवायची सोयच नाही. दगडी कमानींचंही तेच.

समोच्च रेषा, आणि तिच्या पोटात लपलेला कडा

समोच्च रेषा शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते: समान उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा. ती डोळ्यांनी पाहायची असेल तर लेक पॉवेलच्या काठावर जावं. ग्लेन कॅन्यन धरणाने अडवलेलं हे पाणी खाली गेल्यावर लाल भिंतींवर क्षारांचा पांढरा पट्टा उरला आहे. त्याची वरची कड प्रत्येक वळणावर, प्रत्येक उपघळीत आत शिरून पुन्हा बाहेर येते आणि सगळीकडे एकाच उंचीवर असते. सुमारे ३,७०० फुटांची ती समोच्च रेषा आहे, प्रत्यक्ष खडकावर काढलेली. आता मनात पाणी दर ४० फुटांनी खाली उतरवा आणि प्रत्येक थांब्यावर असाच पट्टा उमटू द्या. वरून पाहिलं तर टोपोशीट दिसेल.

घळींच्या भागातल्या बऱ्याच पत्रकांवर दोन रेषांमधलं अंतर ४० फूट, म्हणजे १२ मीटर असतं. दर पाचवी रेघ ठळक आणि तिच्यावर उंचीचा आकडा. उंची फुटांत असते हे आपल्या लोकांनी मनावर कोरून ठेवायला हवं, कारण हातातलं घड्याळ किंवा फोन मीटर दाखवत असतो. ओढ्याला छेदताना रेषा व्हीसारखी वळते आणि त्या व्हीचं टोक नेहमी वरच्या बाजूला, ओढ्याच्या उगमाकडे असतं. एवढं कळलं की कुठला ओढा कुठे वाहतो हे आकडे न बघताही सांगता येतं.

रेषा एकमेकींपासून एक मिलिमीटर अंतरावर असतील तर २४ मीटर चालताना १२ मीटर उतार, साधारण २७ अंश. जपून चालता येतं. त्या पाव मिलिमीटरवर आल्या की उतार ६० अंशांच्या वर जातो, तिथे चालणं संपलं. अगदी एकमेकींना चिकटून तपकिरी पट्टा झाला तर कडा.

इथवर सोपं आहे. फसवणूक पुढे सुरू होते. दोन रेषांमधल्या १२ मीटरमध्ये काय आहे हे नकाशा सांगत नाही. तिथे सलग उतार असेल, किंवा सपाट कातळ आणि मग एकदम ११ मीटरचा कडा असेल. दोन्हींचं चित्र नकाशावर हुबेहूब एकसारखं दिसतं. एक पायरी पुढे जाऊ. कड्याच्या मधूनच एक रेघ गेली असेल, तर तो कडा तिच्या वर जवळजवळ ४० फूट आणि खाली जवळजवळ ४० फूट असू शकतो. म्हणजे २४ मीटरपर्यंतची भिंत, आणि नकाशावर दाटी कुठेच नाही. वर अचूकतेचा प्रश्न आहेच. अमेरिकेच्या १९४७ च्या मानकाप्रमाणे तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदूंची उंची अर्ध्या अंतराच्या आत, म्हणजे इथे सहा मीटरच्या आत बरोबर असली की नकाशा उत्तीर्ण. मी ज्या आठ-नऊ मीटरच्या कड्यावर अडकलो, तो या सगळ्या नियमांत बसून नकाशावर अदृश्य होता.

मग करायचं काय? याचं उत्तर खडकात आहे.

या सगळ्या प्रदेशाचे, म्हणजे कोलोरॅडो पठाराचे थर बऱ्याच ठिकाणी जवळजवळ आडवे आहेत आणि प्रत्येक थराची झीज आपापल्या स्वभावाने होते. एस्कलान्टे, कॅपिटल रीफ या भागांत चार नावं ओळखून घेतली की अर्धं काम होतं. तळाशी चिन्ले, मऊ मातीसारखा रंगीत थर. त्याचा उतार होतो, रेषा सुट्या सुट्या दिसतात. त्यावर विंगेट वालुकाश्म, साधारण शंभर मीटरचा ताशीव कडा. नकाशावर आठ-दहा रेषा चिकटून एक जाड तपकिरी पट्टा होतो आणि तो मैलोन्‌मैल तुटत नाही. त्यावर कायेन्टा, पायऱ्यापायऱ्यांचा थर. रेषा थोड्या दाट, थोड्या सुट्या, पुन्हा दाट. सगळ्यात वर नावाहो वालुकाश्म, त्याचे गुळगुळीत घुमट. तिथे रेषा गोलगोल, बोटांच्या ठशासारख्या फिरतात. नकाशावर थरांची नावं छापलेली नसतात, पण रेषांची ही लय ओळखता आली की कागदाकडे पाहूनच खाली कुठला खडक आहे हे सांगता येतं.

आता माझ्या अडकण्याचं उत्तर. घळीच्या दोन्ही भिंतींवर एका ठराविक उंचीला रेषांची दाटी असेल, तर तिथे कठीण थर आहे. तोच थर घळीच्या तळातूनही जातो. ओढ्याचा तळ ज्या ठिकाणी ती उंची ओलांडतो, तिथे कोरडा धबधबा असणार असं धरून चालायचं, नकाशावर तिथे काहीही दिसत नसलं तरी. त्या रात्री भिंतीवरची दाटी मला दिसली होती. तिची उंची बोटाने तळापर्यंत आणायचं मात्र सुचलं नाही. खरं तर सह्याद्रीत हे आपल्याला पायांनी ठाऊक असतं. बेसॉल्टचेही थर आडवे, ओढ्यातून उतरताना दर थराला एक कातळटप्पा येतोच. फक्त तिथे ते ज्ञान कागदावर उतरवायची वेळ येत नाही. जिथे थर कलले आहेत तिथे हा हिशेब सरळ लागत नाही. कॅपिटल रीफमधली वॉटरपॉकेट फोल्ड ही जवळजवळ १६० किलोमीटर लांबीची घडी याचं मोठं उदाहरण. तिथे कठीण थराची उंची पावलागणिक बदलते आणि कल धरून मोजावं लागतं.

वाट शोधायची तर याच्या उलट नजर लागते. विंगेटच्या त्या जाड पट्ट्यात रेषा कुठे फाकतात का? फाकल्या तर तिथे दरड कोसळून घसारा झाला असेल, खडकाला भेग गेली असेल, किंवा वाऱ्याने वाळूचा ढीग भिंतीला टेकवला असेल. आपल्याकडे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी नाळ अशीच शोधतात. पण नकाशा इथे फक्त ‘इथे बघ’ एवढं सांगतो, ‘इथून जाता येतं’ असं सांगत नाही. कायोटी गल्च या घळीच्या खालच्या टोकाला क्रॅक इन द वॉल म्हणून वाट आहे. काठावरच्या कातळात माणूस जेमतेम सरकेल एवढी भेग, पाठीवरची पिशवी दोराने खाली सोडावी लागते, आणि पुढे वाळूचा लांबलचक उतार. तो वाळूचा उतार रेषांमधून वाचता येतो. भेग मात्र कुठल्याच रेषेत मावणारी नाही.

पाणी

निळी तुटक रेघ म्हणजे हंगामी ओढा, आणि या प्रदेशात निळ्या रेघा बहुतेक तुटकच असतात. त्यात वर्षातले बहुतेक दिवस वाळू असते. झऱ्याची खूण पत्रकावर असेल तर ती आशा धरावी, भरवसा धरू नये. तो नकाशा ज्या वर्षी तपासला त्या वर्षी झरा वाहत होता, एवढंच त्यातून कळतं. इथली राष्ट्रीय उद्यानं माणशी दिवसाला चार लिटर पाणी जवळ ठेवायला सांगतात, आणि उन्हाळ्यात मला तेही कमीच पडतं.

कातळातल्या खळग्यांत साठलेल्या पावसाच्या पाण्याला अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात कधी कधी ‘टँक’ म्हणतात. इंग्रजी कोश या शब्दाची एक वाट गुजराती-मराठीतल्या पाण्याच्या टाक्यापर्यंत नेतात, सोबत पोर्तुगीज शब्दाचाही हात मानतात. गडावरचं टाकं शोधून पाणी पिणाऱ्या माणसाला युटाच्या वाळवंटात तोच शब्द भेटतो, याचा मला दर वेळी आनंद होतो. नकाशावर मात्र ‘टँक’ लिहिलेलं दिसलं तर ते बहुधा गुरांसाठी बांधलेलं तळं किंवा हौद असतो. पाण्यापाशी गुरं असतात, हे धरून गाळणी जवळ ठेवावी.

पाण्याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनात पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये लोंढा आला आणि ११ पर्यटक मरण पावले. घळीवर जेमतेम पाऊस होता. वादळ कित्येक किलोमीटर वर, पाणलोटात पडलं होतं. आपल्याकडे सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही हे कोणीही सांगेल, कारण तिथे पाऊस डोक्यावर दिसतो. इथे डोक्यावर निळं आकाश असतं.

म्हणून कुठल्याही अरुंद घळीत शिरायच्या आधी मी पेन्सिलने तिचं पाणलोट क्षेत्र आखतो. घळीच्या मुखापासून सुरुवात करायची आणि दोन्ही बाजूंच्या कण्यांवरून, म्हणजे रेषांचे व्ही जिथे खालच्या दिशेला टोक करतात त्या ओळीने, वर वर जायचं. दोन्ही रेघा माथ्यावर मिळाल्या की त्यांच्या आतला प्रत्येक थेंब तुमच्या घळीत येणार. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पाणलोट हातातलं पत्रक ओलांडून शेजारच्या पत्रकावर गेलं. मी फक्त घळीचं पत्रक घेतलं होतं. तेव्हापासून हवामानाचा अंदाज मी घळीचा बघत नाही, पेन्सिलीच्या आतल्या सगळ्या मुलखाचा बघतो. त्यात कुठेही गडगडाट असेल तर तो दिवस पठारावरच फिरायचं. आणि घळीत थांबलोच तर दर काही अंतरावर चढून बसता येईल असा कट्टा कुठे आहे, हे लक्षात ठेवायचं.

होकायंत्र आणि फोन, थोडक्यात

महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, म्हणून आपल्याला तो दुरुस्त करायची सवयच लागत नाही. दक्षिण युटात तो सुमारे १० अंश पूर्वेला आहे. दहा अंश चुकलं की एका किलोमीटरवर पावणेदोनशे मीटर बाजूला जातो, आणि घळींच्या मुलखात तेवढ्यात दुसरी घळ लागते. जुन्या पत्रकाच्या समासात हा कोन १४ अंशांच्या आसपास छापलेला सापडेल, कारण चुंबकीय ध्रुव सरकतो. तो आकडा आजचा समजू नये. जुनी पत्रकं १९२७ च्या मोजणी-आधारावर (डेटम, म्हणजे ज्या पायावरून जागेचे आकडे मोजतात तो) आहेत आणि फोन १९८४ च्या. दोन्ही जुळवून न घेता आकडे उतरवले तर जागा सुमारे २०० मीटरपर्यंत सरकू शकते.

फोनवर नकाशा आधी उतरवून घ्यावा, तो फार उपयोगी आहे. पण खोल घळीत आकाशाची एक चीर दिसते, उपग्रह थोडे, त्यात भिंतींवरून परावर्तित संदेश. निळा ठिपका कधी कधी शेजारच्या घळीत जाऊन बसतो. अशा वेळी वळणं मोजत उतरणं जास्त खात्रीचं. डावीकडून किती उपघळी आल्या, उजवीकडून किती, हे कागदावर खुणा करत जावं. आणि आखलेल्या वाटेची एक प्रत, परतायच्या वेळेसकट, मागे कोणाकडे तरी ठेवावी. २००३ मध्ये ॲरन राल्स्टन ब्लू जॉन घळीत दगडाखाली हात अडकून पाच दिवस होता. तो कुठे गेला आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

निळा रंग खोटा ठरतो तेव्हा

एस्कलान्टेच्या खालच्या टोकाला नकाशावर घळींच्या बोटांत निळा रंग भरलेला आहे. तो लेक पॉवेल. धरणाची दारं १९६३ मध्ये बंद झाली, तलाव १९८० मध्ये पहिल्यांदा काठोकाठ भरला, आणि नकाशावरचा निळा रंग त्या भरलेल्या पातळीचा आहे. २०२३ च्या सुरुवातीला पाणी त्याच्या सुमारे १८० फूट खाली होतं. क्लिअर क्रीक घळीतलं ‘कॅथीड्रल इन द डेझर्ट’, म्हणजे मोठ्या दगडी छताखालची दालनासारखी जागा, पाण्याखाली गेली होती. तलाव उतरल्यावर तिचा धबधबा पुन्हा उघडा पडला. जिथे पत्रक निळं दाखवतं तिथे काही ठिकाणी आता कोरडी जमीन आहे आणि तिच्यावर नवीन झाडं उगवत आहेत.

अशा ठिकाणी धरणाच्या आधीचं जुनं पत्रक पुन्हा कामाला येतं. बुडालेली वळणं त्यात जशीच्या तशी आहेत. फक्त तलावाने घळीत गाळाचे मोठमोठे थर टाकले आहेत, ओढा ते नव्याने कापतो आहे, आणि त्याचे काठ पावलाखाली ढासळतात. त्या बाजूला जाताना माझ्या पिशवीत दोन्ही पत्रकं असतात. भिंती जुन्या पत्रकाशी जुळवतो. तळाची उंची दोन्हींत सापडत नाही, ती काठीने चाचपत जावं लागतं.